डाग लेन्सवरच आहे

सोमवार, ६ ऑक्टोबर
आजपासून मी वळ गावातल्या बोर्डिंगची अधिकृत फोटोग्राफर. रीमाने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं.
रीमा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गोडाऊनच्या रांगेत एक गाळा घेऊन तिने कुत्र्या-मांजरांचं बोर्डिंग काढलंय. लोक जनावर ठेवून फिरायला जातात आणि तिकडून सारखे फोटो मागतात. रीमाला वेळ नाही. मला आहे.
ठाण्याच्या एका सोसायटीतली चौदा कुत्री दिवाळीत इथे येणार की नाही, हे या आठवड्यावर ठरणार आहे. त्यांची पुढारी दिपिका आपला स्नोई ट्रायल म्हणून ठेवून महाबळेश्वरला गेली. सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्याचा एक चांगला फोटो जायला हवा. जमलं नाही तर शेजारच्या गोडाऊनमध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मिक्सर-चपलांचे फोटो काढणारा विपुल येईल. मग मावशी, तू घरी आराम कर, असं रीमा म्हणाली. आराम मी सहा वर्षं करते आहे. घरी दिवसभरात मला हाक मारणारं कुणी नाही. इथे सगळे भुंकतात तरी.
जनावरांचं खाणंपिणं काशी बघते. डोंगराकडच्या पाड्यावरून येते. तिला समजावलं की हा फोटो चाळीस माणसं बघणार. ती म्हणाली, बाय, चालीस? एका कुत्र्याला? मी म्हटलं, चाळीस. ती स्नोईला जवळ ओढून बसली. कलेचं महत्त्व तिला पटलं असावं.
संकल्प : १) सकाळचं ऊन. २) जनावराच्या उंचीवर बसून काढणे. ३) चष्मा न लावणे. चष्मा लावला की माणूस फोनकडे बघतो, विषयाकडे नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
जमिनीवर बसले. ११२ फोटो. त्यात शेपटी ४६, लादी ३८, माझी चप्पल ९. उठताना काशी आणि रीमा दोघींची मदत लागली. उद्यापासून पाट घेणे.
शाळेत फोटोच्या दिवशी सिस्टर फिलोमिना आम्हाला ‘प्रून्स’ म्हणायला लावायच्या. तोंड लहान आणि सुसंस्कृत दिसतं. प्रून म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं, पण चाळीस मुली एका सुरात म्हणायच्या. आज स्नोईला म्हणून बघितलं. त्याने जांभई दिली. पण लहान दिली.
संध्याकाळी घरी चष्मा लावून निवड केली. एक फोटो अप्रतिम. फक्त स्नोईच्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर काळा ठिपका. डाग लेन्सवर आहे. पदराने पुसला.
दिपिकाने विचारलं, कपाळावर काय आहे? मी लिहिलं, काही नाही, गोडाऊनची धूळ.

बुधवार, ८ ऑक्टोबर
पाट आणला. स्नोई पाटावर बसला. मी लादीवर.
फोटोच्या आधी काशी त्याला कोपऱ्यात नेते, झाला की लगेच तोंड पुसते. मी तिला मेकअप-आर्टिस्ट म्हणते. ती लाजते.
आजही ठिपका. पण गालावर! लेन्सवरचा डाग सरकला. कंटेनरच्या रस्त्याला लागून असल्यावर दुसरं काय होणार. चष्म्याच्या लिक्विडने पुसला.
दिपिका : कपाळावरचा डाग गालावर आला का?? मी लिहिलं, It moves, dear. त्यानंतर ती बराच वेळ टाइप करत होती, पण काही आलं नाही. काही फोटो माणसाला निःशब्द करतात.
लहानपणी आमच्याकडे प्रिन्स नावाचा कुत्रा होता. त्याचा एकच फोटो, तोही हललेला. सगळे म्हणतात तो ढग आहे. मला त्याचे कान दिसतात.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
ठिपका हनुवटीवर.
ग्रुपवर भाविक नावाच्या गृहस्थाने लिहिलं की हे फंगस असतं आणि असंच पसरतं. त्याने त्याच्या ब्रूनोचं नाव काढून घेतलं. पाठोपाठ आणखी दोघांनी. चौदाचे अकरा.
रीमा रडवेली झाली. मावशी, कुत्र्याला काही झालंय का, म्हणाली. मी तिच्यासमोर स्नोईला आपादमस्तक तपासलं. पुसून-बिसून चकचकीत होता. तिला सांगितलं, डाग लेन्सवरच आहे. विपुलला सध्या बोलावू नकोस, एक दिवस दे. तिने दिला. म्हणजे विश्वास आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
डाग काढण्याचं ॲप मिळालं. ‘ऑटो’ दाबायचं, काळे डाग आपोआप जातात.
फोटो घाईत पाठवला, कारण दिपिकाचे सकाळपासून सहा मेसेज होते. नंतर चष्मा लावून पाहिलं. ॲपने चार डाग काढले होते. एक तो ठिपका. बाकीचे डोळे आणि नाक.
दिपिकाचा व्हिडिओ कॉल आला. मी घेतला नाही. साडी नीट नव्हती.
चौदाचे चार.

शनिवार, ११ ऑक्टोबर
दिपिका महाबळेश्वर अर्धवट टाकून आली. मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून आली, आणि सोबत जनावरांचा डॉक्टर. गाडीतूनच ओरडत होती, माझा स्नोई कुठाय? रीमा दारात पांढरी पडलेली.
आम्ही नेमके फोटोच्या तयारीत होतो. स्नोई पाटावर. ठिपका कपाळावर. डॉक्टरांनी हातमोजे घातले, कापसाने ठिपका पुसला, वास घेतला आणि म्हणाले, काजळ आहे.
सगळे काशीकडे बघायला लागले.
काशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हीच बाय बोलली, चालीस मानसं बघतान. एवढ्या डोल्यांची नजर लागंल का न्हाय पोराला? मग दिपिकाला म्हणाली, तू गेली गावाला. त्याला तीट कोन लावनार? रोज एका जागी लावली तं नजर वलखते, म्हून मी जागा बदलते.
दिपिका तांदळाच्या पोत्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, माझी आजी मला लावायची, मोठी झाल्यावर मीच पुसून टाकायचे. मग काशीला म्हणाली, पुसलंय ते परत लाव. डॉक्टरांनी विचारलं, मी निघू का?
थोडक्यात, लेन्स पहिल्यापासून स्वच्छ होती. माझं काम निर्दोष ठरलं.

रविवार, १२ ऑक्टोबर
दिपिकाने ग्रुपवर सगळी हकीकत लिहिली. चौदाच्या चौदा येणार, ब्रूनोसुद्धा. रीमाने मला मिठी मारली आणि त्याच मिठीत सांगितलं की फोटो काशीने काढावेत अशी त्यांची अट आहे. विपुलचं नाव कुणीही घेतलं नाही, हा माझा विजय. माझं काय, ते मी विचारलं नाही. पर्स घेतली, मग परत ठेवली.
काशीला फोन शिकवला. ती म्हणाली, ह्यात काय शिकायचा हाय? ताटल्या ठेवल्या, सगळे जेवायला लागले, मी पाण्याचं भांडं घेऊन मध्येच टेकले होते, आणि तिने एका हाताने फोटो काढला. दुसऱ्या हातात भाताचं पातेलं. एकच फोटो. हललासुद्धा नाही.
ग्रुपवर सत्तावीस हार्ट. भाविकने विचारलं, मधल्या त्या कोण?
रीमाने लिहिलं : आमची मावशी. रोज दहा ते पाच इथेच असते. वयस्कर आहे पण तब्येत ठणठणीत. सगळ्यांशी जमवून घेते. एकटी ठेवली तर उदास होते.
भाविकने लिहिलं, So cute.
चष्मा लावून दोनदा वाचलं. खाली एक हार्ट टाकलं. उद्या दहाला जायचंय.