शिडीचा ठसा

३ जून, सोमवार

आले एकदाची ओरुरोला. बसमध्ये पाय अवघडून गेले होते आणि खिडकीच्या फटीतून पठारावरचा वारा कान कापत होता. पण उतरल्याउतरल्या बेनिताने हातात गरम आपीचा पेला दिला आणि सोबत चीज भरलेली, टम्म फुगलेली तळणीतली पोळी. सगळा शीण गेला. बेनिता माझी धाकटी बहीण. बाजाराच्या कोपऱ्यावर तिची आपीची गाडी आहे. जांभळ्या मक्याच्या त्या गोड पेयाचं पातेलं पहाटेपासून रटरटत असतं आणि हिचं तोंडही तेवढंच चालू असतं. गिऱ्हाइकांना सांगत होती, ही माझी थोरली बहीण रोसाउरा, हिला लोखंडावर लिहिता येतं.

खरंच येतं. यायाग्वाच्या खाणीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं तेच केलं. दिव्यांवर, हुकांवर, खाणीत उतरणाऱ्या पाळण्याच्या साखळ्यांवर आकडे ठोकले. एका हातात पंच, दुसऱ्यात हातोडा. वर्कशॉप बंद पडलं आणि आता इथल्या गॅस कारखान्यात ठसेवालीची जागा मिळाली. ही वही बेनितानेच दिली. म्हणाली, तुला बोलल्याशिवाय करमायचं नाही आणि मला दिवसभर ऐकायला वेळ नाही, तर वहीशी बोल.

४ जून, मंगळवार

कारखाना रुळांपलीकडे, उघड्या माळावर. मालक डॉन रेम्बेर्तो, पोट सुटलेला, हसरा माणूस, त्याने स्वतः फिरवून सगळं दाखवलं. घराघरांतून आलेले जुने सिलिंडर इथे रिकामे होतात, पाणी भरून दाबाखाली तपासले जातात, जुना रंग खरवडून नवा पिवळा रंग लागतो, मग ते माझ्याकडे येतात. मी वरच्या कड्यावर तपासणीचा महिना आणि वर्ष उमटवायचं, कारखान्याची खूण उमटवायची आणि शेवटी माझी स्वतःची. मग गॅस भरून ट्रकवर. ठसा पाहूनच बायका सिलिंडर घरात घेतात.

यंत्र मात्र झकास आहे. टोकदार कठीण सुई लोखंडावर भराभर टोचे मारते आणि टिंबाटिंबांनी अक्षर तयार होतं. टक टक टक असा आवाज. म्हणून सगळे तिला कोंबडी म्हणतात. पाण्याच्या चाचणीवर डोन्या निएवेस असते, साठीची, दोन वेण्या, घेरदार झगा, गालात कायम कोकाच्या पानांचा गोळा. तिने मला गंभीरपणे विचारलं की अंडी फुटली तर तू भरून देणार का. मला काही कळेना. मग तिघीचौघी पोट धरून हसल्या.

माझी खूण ठरली: आर आणि त्यापुढे टिंब.

१० जून, सोमवार

हात बसला. दिवसाला दीडशे कडी होतात.

आज एक विचित्र गोष्ट. दुपारी एका सिलिंडरवर माझा ठसा तपासत होते, तर कड्याच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक खूण. छोटी शिडी. दोन उभ्या रेघा, तीन पायऱ्या. कोंबडीने काढलेली नाही, कारण टिंबं नव्हती. सरळ, खोल रेघा होत्या, छिन्नीने हातोडा मारून काढल्यासारख्या. ताजी. लोखंड आत चांदीसारखं चमकत होतं आणि रंगाचे कपचे कडेला लोंबत होते. अकरा वर्षं हेच काम केलंय, ताजा घाव मला कळतो.

कुणी गंमत केली असणार म्हणून मी निएवेसला दाखवलं. ती हसली नाही. घासून टाक आणि रंग लाव, एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

१२ जून, बुधवार

काल चार. आज सात.

जेवणाच्या सुट्टीत निएवेसला भिंतीच्या आडोशाला गाठलं. तिने सांगितलं ते असं. माझ्या जागी आधी फिदेल कोपाहिरा होता. एकोणीस वर्षं. कोंबडी आली तरी तो स्वतःची खूण हातानेच ठोकायचा. ती शिडी. फेब्रुवारीत तपासणीच्या पाण्याचा पंप बिघडला. मालकाने त्याला न तपासलेल्या सिलिंडरांवर ठसे मारायला लावले. तो नाही नाही म्हणाला, मग मारले. मार्चमध्ये एका बेकरीत त्यातलाच एक फुटला. तीन माणसं गेली. फिदेल स्वतः तिथे गेला, ढिगाऱ्यातून कडं शोधून काढलं, त्यावर आपली शिडी पाहिली. परत आला, आपले पंच ऐरणीवर ठेवून एकेक चेपले आणि माळापलीकडच्या सुकलेल्या खाऱ्या तळ्याकडे चालत गेला. दोन दिवसांनी सापडला, मिठावर पालथा.

मी विचारलं, आणि पंप? पंप कधी दुरुस्त झाला?

निएवेसने गालातला गोळा दुसऱ्या गालात सरकवला.

“पंप अजून बंदच आहे, पोरी. मी नुसती नळी मारून भिजवते.”

१३ जून, गुरुवार

रात्री डोळा लागला नाही. म्हणजे आजवर मी दीडशे-दीडशे खोटी कडी ठोकत होते.

सकाळी लवकर गेले. शिडी असलेला एक रिकामा सिलिंडर आणि शिडी नसलेला एक, दोन्ही करवतीने उभे कापले. शिडी नसलेला आतून स्वच्छ. शिडीवाल्यातून गंजाचे पापुद्रे ओंजळभर पडले, आणि तळाशी पत्रा इतका झिजला होता की अंगठ्याने दाबला तर आत गेला.

आणखी एक कापला. तसाच. आणखी एक. तसाच.

जो फुटणार आहे, त्याच्यावरच शिडी येते. मेल्यावर फिदेल तपासणी करतोय.

१४ जून, शुक्रवार

कापलेले तुकडे घेऊन मालकाकडे गेले. त्याने तुकडे नीट पाहिले, उलटसुलट केले. मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. शिडीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणजे त्यालाही माहीत आहे. म्हणाला, पंपाचा भाग मागवलाय, यायला वेळ लागतोय. सान हुआनचा हिवाळ्यातला सण तोंडावर आहे, ओरुरोत हाडं गोठवणारी थंडी पडेल, लोक गॅस मागतील. मी काय सांगू त्यांना? मी म्हटलं, निदान शिडीवाले बाजूला काढू. तो म्हणाला, रोज दहा-बारा निघतील तसे. तू घास.

मी घासले. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. बारा सिलिंडर. ग्राइंडरने शिडी घासली, रंग मारला. नोकरी सोडून यायाग्वाला जाऊन काय करणार होते? बारा.

१७ जून, सोमवार

आज ते माझ्या हातात झालं.

सकाळचे दहा. लख्ख ऊन. त्या बारांतला, घासलेला एक सिलिंडर फिरवायला दोन्ही हातांनी कडं धरलं होतं. आजूबाजूला कुणी नाही. आणि घाव बसला. आवाज आधी नाही, आधी तळहातांना झिणझिण्या, मग टण्. कोपरापर्यंत हादरा. माझ्या दोन अंगठ्यांच्या मध्ये रंग फाटला आणि एक उभी रेघ आत गेली. हात सुटेनात. टण्. दुसरी उभी. मग थांबला. कुणी पंच नीट धरून नेम घेतं तेवढा वेळ. मग पायऱ्या. एक, दोन, तीन.

पाच घाव. मोजून पाच.

शेवटच्या घावानंतर कुणीतरी लोखंडावरची धूळ फुंकून टाकली. मी स्वतःही तसंच करते. ती फुंकर माझ्या बोटांवर आली. थंड, आणि खारट वास असलेली.

मी किंचाळले असणार, कारण निएवेस धावत आली. तिने पाहिलं. माझे हात आपल्या झग्यात गुंडाळून बसून राहिली.

मालकाने संध्याकाळी तो पुन्हा घासायला लावला. मी घासला. घासताना मोठ्याने म्हणाले, जा आता, पुरे झालं, मला सोड.

१९ जून, बुधवार

जवळच्या विंतो गावात एका धोबीखान्यात सिलिंडर फुटला. एक बाई भाजली आहे, सेवेरिना नाव, दोन हात आणि तोंड. जगेल म्हणतात. म्हणतात.

कड्याचा तुकडा विंतोचा एक पोलीस अधिकारी घेऊन आला होता. आर आणि टिंब. शेजारी घासल्याचा गुळगुळीत डाग.

मालकाला म्हटलं, आता तरी बंद करा. त्याने दार लावलं आणि हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने विचारलं,

“कड्यावर खूण कुणाची आहे, रोसाउरा? माझी आहे का?”

२० जून, गुरुवार

सोमवारपासून एकही शिडी नाही. चारशे सिलिंडर झाले. एकही नाही.

आधी बरं वाटलं. मग दुपारी कोंबडीसमोर बसल्याबसल्या कळलं. सिलिंडर तेच आहेत. गंज तोच आहे. फक्त सांगणारा गेला. मीच त्याला जा म्हटलं.

धावत बाजारात गेले. बेनिताच्या पातेल्याखाली पिवळा, नवा रंग. कड्यावर माझी खूण, बाजूला गुळगुळीत डाग. त्या बारांतला. भोवती आठ माणसं पेले धरून उभी, दोन मुलं ऊब घ्यायला अगदी जवळ. मी जाळ विझवला, सिलिंडर उचलून माळावर नेला आणि गॅस सोडून दिला. बेनिता भडकली, पातेलं फुकट गेलं म्हणाली. मी रस्त्यात बसून रडले तेव्हा शेजारी येऊन बसली.

उरलेले दहा कुठे आहेत? कुणाच्या चुलीपाशी?

२१ जून, शुक्रवार

विंतोच्या स्फोटामुळे सरकारी तपासनीस सोमवारी येणार. मालकाने मला मागच्या अंगणात नेलं. तिथे गॅस साठवायची मोठी टाकी आहे, आडवी, एका घराएवढी. तिच्या पाटीवरची तपासणीची तारीख सहा वर्षांपूर्वीची. म्हणाला, नवी ठोक. कोंबडी इथे पोचत नाही, हाताने ठोक. विंतोचं मी सांभाळून घेतो, पोलीस माझ्या ओळखीचे आहेत.

ठोकली.

प्रत्येक घावाला टाकी आतून बराच वेळ गुणगुणत राहिली. मी त्याला हाक मारली, हळूच, मालकाला ऐकू जाणार नाही अशी. डॉन फिदेल, चुकले, परत या. काही झालं नाही. नुसता वारा.

२२ जून, शनिवार

सकाळी साडेअकरा. ठरवलं आणि केलं. सणासाठी ट्रक भरून उभे होते, साडेतीनशे सिलिंडर. मी फाटकाला आतून साखळी घातली, कुलूप लावलं. निएवेस त्याआधीच बाहेर पडली, अग्निशमनवाल्यांना आणि विंतोच्या त्या अधिकाऱ्याला आणायला. त्यांच्यासमोर सगळं सांगणार. माझी खूण, माझे बारा, पाटीवरची तारीख, सगळं. काय व्हायचं ते होवो.

मालक ऑफिसात फोनवर ओरडतोय. बाकी सगळे छपराखाली जेवायला बसलेत, बावीस माणसं. मी वारा लागू नये म्हणून टाकीच्या आडोशाला बसून लिहितेय, पाठ टेकून. लोखंड उन्हाने तापलंय, बरं वाटतंय.

पाठीला काहीतरी लागलं. छपराखाली कुणी भांडं आपटलं असेल.

नाही. परत. पाठीतून छातीपर्यंत. टाकी गुणगुणतेय. वर रंगाला भेग पडलीय, माझ्या डोक्याच्या वर, हातभर लांब. दोन. दोन उभ्या—

थांबला. नेम घेतोय.

ओरडले. कुणाला ऐकू येत नाही, वारा उलटा आहे. हे कुणाला मिळालं तर पाटीवरची तारीख खोटी आहे, मी ठोकली—

तीन

आता पळते. त्यांना बाहेर— फाटक. फाटक बंद आहे, किल्ली, किल्ली मी निएवेसकडे दि