डावा दिवा

३ मार्च, सोमवार

ट्रेलरचे दिवे गेले. एखाददुसरा नाही — सगळेच.

संध्याकाळी दादाने गाडीला ट्रेलर जोडला, प्लग खोचला, आणि मागे नुसता काळोख. गाडीचे स्वतःचे दिवे ठणठणीत. दादा म्हणाला, "बारके, हे तुझं खातं."

माझंच आहे. अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या माझ्या दुकानातून बऱ्या होऊन जातात. सख्ख्या भावाचा ट्रेलर मला काय जड?

वेळ मात्र फार नाही. दादाच्या मधमाश्यांच्या पेट्या फळबागेत न्यायच्यात. बागवाल्या काकांचा दुपारीच फोन — कळ्या उमलायला लागल्या, या आठवड्यात माश्या हव्यात, नाहीतर फळ धरणार नाही. आवाज गोड होता, पण "मग पुढच्या साली दुसरीकडे बघावं लागेल" हेही म्हणून झालं.

माश्या दिवसा हलवता येत नाहीत. त्या तेव्हा बाहेर असतात. दिवस मावळला, सगळ्या घरी परतल्या, की पेट्यांची दारं लावायची आणि निघायचं. म्हणजे रस्ता अंधाराचा. मागे दिवा नसला तर एखादा ट्रक थेट पेट्यांवर येईल. आणि पुढे बसलेल्यांवरही.

उद्या दुकान अर्धा दिवस बंद. बघतेच.

४ मार्च, मंगळवार

सापडलं!

आधी फ्यूज बघितला. उडालेला. नवा बसवला, तरी काळोखच. मग प्लग उघडला — आतल्या पिना हिरव्यागार, शेवाळ धरल्यासारख्या. घासून लख्ख केल्या. तरी नाही. मला तर चेवच चढला. वीज दिव्यापर्यंत जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते, आणि ट्रेलरमध्ये ती वाट म्हणजे सांगाड्याला कसलेला एक बोल्ट. दादाने मागच्या वर्षी ट्रेलर रंगवला तेव्हा हौसेने त्या बोल्टखालीही रंग फासला होता. त्यावर गंज. बिचारी वीज परतणार कुठून?

पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. मागचे दोन्ही दिवे लागले. इंडिकेटर दोन्हीकडचे लागले. मी स्वतः मागे जाऊन बघितले.

ब्रेकच्या दिव्यांना मात्र दोन माणसं लागतात. एकाने पाय द्यायचा, एकाने मागे उभं राहायचं. मी गाडीत बसले, दादा मागे.

"लागले?"

"उजवा लागला. डावा नाही."

असू दे. एवढं झालं, तेवढंही होईल.

५ मार्च, बुधवार

डाव्या दिव्याचा बल्ब बदलला. दादा म्हणाला, "नाही." होल्डर बदलला. "नाही."

मी गाडीतूनच ओरडले, "जवळ जाऊन बघ की!" तो दिव्यापाशी गेला, वाकला, आणि म्हणाला, "अरे, आता लागला." मागे सरकून पुन्हा मधोमध उभा राहिला — "गेला परत."

म्हणजे लूज कनेक्शन. तो जवळ गेला की काहीतरी हलतं आणि चिकटतं, लांब झाला की सुटतं. असले आजार मला चांगले ठाऊक. मिक्सर दुकानात आणला की छान फिरतो, घरी नेला की बंद. चिकाटी लागते, बस.

६ मार्च, गुरुवार

आज गंमत झाली.

दादाला गाडीत बसवलं, पाय ब्रेकवर ठेव म्हटलं, आणि मीटर घेऊन मी मागे गेले. डाव्या दिव्यात वीज पुरेपूर! दिवाही लाल लखलखीत. मग जागा बदलल्या. मी पाय दिला, दादा मागे — "डावा नाही."

पुन्हा अदलाबदल केली. तेच. मी बघते तेव्हा लागतो, दादा बघतो तेव्हा लागत नाही.

माझं डोकं लगेच चाललं. दादा चांगला भरलेला, मी काडी. तो बसला की गाडी दबते, ट्रेलरचा दांडा खाली जातो, कुठलातरी सुटा जोड बसतो. मी बसले की उचकटतो. दादाला सांगितलं तर तो हसला नाही. एरवी त्याच्या पोटावर बोललं की दोन तरी ऐकवतो. म्हणाला, "तसंच असेल. तू वायरच बदल. पुढून मागपर्यंत."

बदलली. डाव्या बाजूची सगळी नवी वायर, एकही जोड नाही. पाठ मोडून निघाली. काम मात्र असं झालंय की कुणीही येऊन बघावं.

दादा मागे उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नाही गं."

बागवाल्या काकांचा पुन्हा फोन. "ताई, फुलं काही तुमच्या वायरीसाठी थांबायची नाहीत." शनिवार-रविवारी नक्की, म्हणून सांगून टाकलं. मी सांगितलंय म्हणजे होणार.

७ मार्च, शुक्रवार

 

वहिनीची बेकरीतली पाळी आज लवकर संपली. ती फाटकातून आली तशी तिलाच म्हटलं, "वहिनी, पिशवी ठेव आणि जरा गाडीत बस. ब्रेकवर पाय ठेव, मी सांगेपर्यंत काढू नकोस." ती बसली. मी आणि दादा ट्रेलरमागे शेजारी शेजारी उभे राहिलो. चार दिवसांत पहिल्यांदाच दोघं एकदम मागे.

वहिनीने पाय दिला. दोन्ही दिवे लागले. उजवा आणि डावा, सारखेच लाल.

मी वळून दादाला टाळी द्यायला हात वर केला. तो म्हणाला, "बघ. डावा नाहीच."

"दादा, लागलाय की."

"कुठे?"

तो समोर बघत होता, नंबरप्लेटकडे. चेष्टा करत नव्हता. मी म्हटलं, "मान वळव. डावीकडे बघ." त्याने मान वळवली. "हां... आता लागला." मान सरळ केली. "गेला."

वहिनी गाडीतून विचारत होती, "काढू का पाय?" मी म्हटलं, "थांब जरा."

मी त्याच्या डाव्या बाजूला गेले. त्याला म्हटलं, समोर बघत राहा. त्याच्या कानाशेजारून माझा हात हळूहळू पुढे आणला, बोटं हलवत. "माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो दचकला. एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच. डावीकडचं अर्धं जग नाहीच.

वहिनी उतरून आली. काय झालं ते मी सांगितलं. ती दादाकडे न बघता माझ्याशीच बोलली — "रोज दाराच्या चौकटीला याचा डावा खांदा आपटतो. मी म्हणायचे, धांदरट आहेस. ताटात डावीकडची कोशिंबीर तशीच राहते. मला वाटायचं, माझ्या हातची आवडेनाशी झाली."

दादा म्हणाला, "वायर चांगली टाकलीस, बारके." आणि आत जाऊन बसला.

८ मार्च, शनिवार

सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी दिवे दाखवले, ठिपके मोजायला लावले आणि म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत. दोष डोळ्यांत नाही, मागे आहे." त्यांनीच फोन करून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे मेंदूचा फोटो काढला. मागच्या बाजूला, डोळ्यांनी पाहिलेलं जिथे उमगतं तिथे, रक्ताची छोटी गुठळी अडकून गेलेली, काही आठवड्यांपूर्वीची. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून कळलं नाही. रक्तदाब भलताच वाढलेला.

डॉक्टर म्हणाले, आत्ता कळलं हे बरं झालं, पुढचा झटका मोठा असता. गोळ्या सुरू. नजर थोडी परत येईल, कदाचित येणारही नाही. गाडी चालवायची नाही.

दादाने एकच विचारलं, "पेट्या?"

मी म्हटलं, "मी नेते."

"तू ट्रेलर कधी चालवलायस?"

"ट्रेलरचं वायरिंग तरी कधी केलं होतं?"

आज त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलंय. वहिनी त्याच्याजवळ. रिकामा ट्रेलर घेऊन मैदानावर गेले. पुढे जाणं सोपं आहे. मागे घेणं म्हणजे सगळं उलटं — स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. एक पिंप आडवं केलं. संध्याकाळपर्यंत जमलं. म्हणजे चांगलंच जमलं.

९ मार्च, रविवार

दुपारी दादा घरी आला. डॉक्टरांनी सांगितलंय, शेजारी बसायला हरकत नाही, स्टीअरिंगला हात लावायचा नाही.

दिवस मावळला. दादाने एकेका पेटीला कान लावला, माश्या आत आल्याची खात्री केली, दारं लावली. शेजाऱ्यांनी पेट्या चढवल्या, वहिनीने पट्टे आवळले. मी ब्रेकवर पाय दिला आणि वहिनी मागून ओरडली, "दोन्ही!"

निघालो. मी स्टीअरिंगवर, दादा शेजारी, वहिनी मागे. घाटाच्या चढावर एक ट्रक बराच वेळ मागे होता, अंतर राखून. त्याला आम्ही दिसत होतो. दादा वळण आलं की "आता गिअर पाड" एवढंच म्हणायचा. बागेचं फाटक अरुंद, आत मागे मागे घेत जायचं होतं. काका कंदील घेऊन उभे. मी एका दमात घेतला ट्रेलर. कुठेही न घासता.

काका म्हणाले, "आज ताई ड्रायव्हर?"

दादा म्हणाला, "यापुढे तीच."

झाडं पांढरीशुभ्र फुललेली. पेट्या उतरवून दारं उघडली. आतून तो घूं घूं आवाज. वेळेत पोचलो.

१० मार्च, सोमवार

काल परतताना वहिनीला मागच्या सीटवर झोप लागली होती. घराशी गाडी थांबवली, तरी दादा उतरेना. समोर बघत म्हणाला, "महिनाभर शंका येत होती गं. डावीकडून माणसं एकदम अंगावर आल्यासारखी यायची. कुणाला बोललो नाही. पण तू ती वायर उकलून बसलीस ना, तेव्हा रोज वाटायचं — आज दोष सापडेल. वायरीतच सापडेल."