मखमलीला लागणारी सुई

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्न झालं आणि लगेच मी कुवेतला आले, मग रोज समोरच होतात. आज लिहितेय, कारण उद्या सबाह अल-सालेम भागातलं आपलं शिवणाचं दुकान रिकामं करायचंय. शिलाई मशिनी मालक नेणार आहे. आमचा इकामा, इथं राहायचा परवाना, तुमच्या नावावर होता. तुम्ही गेलात तसा आमचा इथला मुक्कामही संपला. रुचाची बारावीची परीक्षा झाली की आम्ही दोघी गुहागरला परत.

तिच्या शाळेच्या फेअरवेलचा गाऊन आठवतोय? ताणली जाणारी मरून रंगाची मखमल आणलीत, सकाळी बेतून कापलीत, आणि दुपारी त्याच टेबलापाशी छातीला हात लावून खाली बसलात. तुकडे तसेच राहिले. तुम्ही कापलेलं दुसऱ्या कुणाला कसं देऊ? म्हटलं, मीच शिवते. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून हुक लावले, फॉल लावले; एवढं जमणार नाही?

पण सगळ्या सुया पाकिटातून काढून एकाच डबीत का ठेवायचात हो? तुम्ही टोक नखावर ओढून बघायचात आणि नेमकी हवी ती उचलायचात. माझ्या हाताला सगळ्या सारख्याच. साध्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा, आपल्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनच्या सुईचा गोल, एवढं तरी सांगायचंत!

पहिली सुई ओव्हरलॉकला बसेचना. दुसरी बसली, चाललीही छान. सगळे तुकडे जोडून झाले, बगलेपासून कमरेपर्यंत शिवण सरळ आली. मग कापड ताणून बघितलं, तर शिवणीच्या कडेने बारीक भोकं, आणि त्यातून वीण उसवत चाललेली.

तसाच गाऊन घेऊन अल-राई भागातल्या सुयांच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदाराने कापड बोटांत धरलं आणि हळूच म्हणाला, “बहनजी, इसको गोल नोक की सुई चाहिए थी. तेज नोक बुनाई काट देती है.” गोल टोक धाग्यांना बाजूला सारून जातं, तलम कापडाला लहान नंबरची सुई, जाडाला मोठ्या, सगळं त्याने शांतपणे सांगितलं. सगळं कळलं मला. आता काय उपयोग? तो तुकडा परत कोण कापणार?

रुचा शाळेतून आली तेव्हा तिला दाखवला. ती इंग्रजीतच उत्तरं देते म्हणून तुम्ही चिडायचात ना? तिने गाऊन तसाच अंगावर चढवला, आरशासमोर उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, “बरोबर बसलाय. बाबांनी माझं माप कधी घेतलं गं?”

माप घेतलंच नव्हतं तुम्ही. फेअरवेलला ती मैत्रिणीचा ड्रेस घालून गेली.

इतकी कसली घाई होती तुम्हाला? गावाकडून सगळे म्हणतात, शिवणकाम कर, हातात कला आहे. कुठली कला? मशीनचा आवाज आला तरी जीव घाबरा होतो. गुहागरच्या घरात दिवस कसा ढकलायचा, तेच कळत नाही.

सावरेन असं वचन देत नाही, खोटं ठरेल. एवढंच सांगते, रुचा स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत रोज उठेन, भात टाकेन आणि तिच्यासोबत बसून जेवेन. त्यापुढचं मला विचारू नका.

तुमचीच,
सुनंदा