दुसऱ्या खुर्चीतला फोटो

इसेयिन,
८ जानेवारी २००८

चिरंजीव तायवो यास,

आशीर्वाद. द्यायची इच्छा नव्हती, पण थोरल्या भावाचं पत्र दुसऱ्या कशानं सुरू होत नाही, म्हणून दिला. इकडे सगळं ठीक आहे. हरमाटनचं कोरडं वारं सुटलंय, ओठ फुटलेत, अंथरुणात धूळ, भांड्यात धूळ, वीज नाही. तुझी वहिनी मोसूनमोला बरी आहे. बाबांचा स्टुडिओ अजून चालतोय. आईचं पुढे लिहितो. तुझ्या बायकोला नमस्कार सांग.

फोनवर मी तोंड उघडलं की नेमकी तुझी लाइन जाते, म्हणून हे पत्र. डीकन आडेबोयेंची मुलगी सुट्टी संपवून मँचेस्टरला परत चाललीय, तिच्या हातात देतोय. तिला बजावलंय की तू पाकीट फोडून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

कॅमेरा पोहोचला. 'कसा वाटला ते कळव' असं लिहिलं होतंस. कळवतो.

केवढासा आहे रे तो! खोक्यातून काढला तेव्हा मला वाटलं, हा वरचा भाग असेल, खालचा अजून आतच राहिलाय. मी खोकं उलटं करून झटकलं, तर पडली फक्त पुस्तिका. माझ्या करंगळीला त्याच्यावर जागाच नाही, ती बिचारी खाली हवेत लोंबते. डोळा लावायचं भोक इतकं बारीक आणि काळपट की नवरी कोण आणि नवरीची मावशी कोण हे फोटो काढल्यावर कळतं. बटणं ढीगभर, पण मला हवं ते नेमकं बटणात नसतं, आत कुठल्यातरी यादीत दडलेलं असतं. आणि आवाज! बाबांचा कॅमेरा वाजला की समोरची माणसं श्वास सोडायची, झालं म्हणून. हा चिक् करतो, आणि सगळे तसेच पोट आत ओढून उभे. 'काढला का? काढला का?'

ओलायिन्कांच्या घरच्या लग्नात घेऊन गेलो होतो. मुलीची मावशी, डोक्यावर छपराएवढं फडकं बांधलेली, मला सगळ्यांसमोर म्हणते, "फोटोवाले, पोरांचं खेळणं दाखवून झालं असेल तर आता खरा कॅमेरा काढा."

"मावशी, हाच खरा."

"हाच? अहो, नवऱ्याकडचे बघतायत. म्हणतील, यांना फोटोवालासुद्धा अर्धाच मिळाला!"

शेवटी मी घरून बाबांचा तो मोठा फ्लॅश आणवला आणि नुसताच गळ्यात अडकवला. वायर कशालाच जोडलेली नव्हती. पण तो बघितल्याबरोबर सगळी मंडळी ताठ उभी राहिली. तुझ्या कॅमेऱ्याची लाज मला अशी राखावी लागते.

मागच्या काचेवर फोटो लगेच दिसतो, याचं तुला फार कौतुक. तिथं लग्नात ये आणि बघ. प्रत्येक बाई माझ्या खांद्यावरून डोकावते. हा पुसा, यात माझा गळा सुजल्यासारखा दिसतो. हा पुसा, यात माझी जाऊ बारीक दिसते. आणि भिंग काढून दुसरं बसवता येतं म्हणे! हरमाटनमध्ये? एकदाच काढलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोत वर उजवीकडे एक काळा ठिपका बसलाय, तो काही हलत नाही.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट त्याला जमते. खोलीत वीज नसली, नुसता खिडकीचा उजेड असला, तरी आपल्या रंगाची माणसं तो माणसांसारखी काढतो. गाल, कपाळ, डोळ्याखालची सावली, सगळं येतं. बाबा असते तर खूश झाले असते. झालं, केलं कौतुक.

आता मला सांग, कॅमेरा कुणी मागितला होता?

आईनं तुला फोनवर काय म्हटलं होतं? मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, तुम्हा दोघांना एका फोटोत बघायचंय. दाढी आलेले, पोट सुटलेले, जसे असाल तसे. एवढंच मागितलं तिनं. तू 'हो आई, हो आई' करत होतास. आणि ख्रिसमसला तुझ्याऐवजी हे खोकं आलं. बरोबर तुझी ती चिठ्ठी.

चिठ्ठी मोसूनमोलानं मोठ्यानं वाचली. सगळ्यांसमोर, हौसेनं. आई खुर्चीत, शेजारची इया रिसी दारात, मी खोक्याची दोरी कापतोय. 'यंदाही सुट्टी मिळत नाही. आईनं वाईट वाटून घेऊ नये. केहिंदे, तू असं कर, दोनदा बस, एकदा तुझ्या कपड्यांत आणि एकदा माझ्या. ट्रंकेत माझा लग्नाचा झगा आहेच. दोन्ही शेजारी शेजारी छाप, बाबा करायचे तसं. चेहरा काय, एकच आहे.'

बाबा करायचे तसं! अरे गाढवा, बाबा ते कुणासाठी करायचे?

पडदा तूच धरायचास ना? जुळ्यातलं एक मूल गेलं की आई उरलेल्याला घेऊन यायची. बाबा त्याला एकदा त्याच्या कपड्यांत बसवायचे आणि एकदा गेलेल्याच्या. मग दोन्ही असे जोडून छापायचे की भावंडं शेजारी शेजारी बसलीत असं वाटावं. गेलेल्याला घरात जागा मिळाली पाहिजे, नाहीतर तो उरलेल्याला बोलावत राहतो. इतकी साधी गोष्ट तू तिकडच्या थंडीत विसरलास? जुळ्यांतला एक मुलगा लागोसला शिकायला होता, त्याच्या बापानं असाच फोटो सहज मागितला, तर बाबांनी त्याला स्टुडिओतून हाकलून दिलं होतं. जिवंत पोराचा असा फोटो मागतोस, लाज वाटत नाही का, म्हणून.

वाचता वाचता मोसूनमोलाचा आवाज बसला. इया रिसीनं तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, "थांबलीस का? वाच पुढे." पुढे फक्त तुझी सही होती.

आईनं डोक्याचं फडकं सोडलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "मला कधी सांगणार होतात?"

तिच्या मते तू गेलायस, तायवो. आजारी होतास, जाणार हे तुला कळलं होतं, म्हणून तसं लिहून ठेवलंस आणि कॅमेरा पाठवायला सांगितलास. आम्हाला सगळं माहीत आहे आणि आम्ही तिच्यापासून लपवतोय. तू संध्याकाळी फोन केलास तेव्हा मी स्टुडिओत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि फोन मोसूनमोलाच्या हातात देत म्हणाली, "केहिंदेला सांग, गळा दोघांचा एकच आहे, मला शिकवू नकोस." मग मी तिच्यासमोर उभा राहून तुला फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. तू उचलला नाहीस. कामावर होतास म्हणे! त्यानंतर तिनं फोनला हात लावला नाही. तुझे फोटो दाखवले, तर म्हणते, "हा केहिंदेच, स्वेटर घातलेला. फोटोवाल्याच्या बायकोला फोटो दाखवून फसवता होय रे?"

आईचं पुढे लिहितो म्हणालो होतो, ते हे. ती जेवत नव्हती. कांजीचे दोन घास, तेही मोसूनमोला रडायला लागली की. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलंय, उपाशी ठेवू नका. मी ओरडलो, हातापाया पडलो. तिचं एकच, "आधी त्याचा फोटो काढ. त्याला जागा दे." आणि माझं एकच, "जिवंत माणसाचा मी काढणार नाही."

मग मला अक्कल सुचली. म्हणजे मला तसं वाटलं.

मी दाढी काढली. ट्रंकेतून तुझा झगा काढला, तो निळ्या विणीचा. हातात बॅग घेतली, नाक्यावरून मोटारसायकलवर बसलो आणि आपल्याच दारात पाहुण्यासारखा उतरलो. तू मारतोस तशी लांबूनच हाक मारली, "आई! कोण आलंय बघ!" इया रिसी ओसरीवर शेंगा सोलत होती. तिनं सूप टाकलं आणि "तायवो! तायवो!" करत रस्त्यापर्यंत धावत गेली. मोसूनमोलाला सगळं माहीत होतं, तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत जाऊन आईसमोर जमिनीवर पालथा पडलो, धाकट्यानं पडावं तसा. आपल्याकडे जुळ्यांत मागून जन्मलेला थोरला असतो, त्यामुळे जन्मात कधी तुझ्या जागेवरून पडलो नव्हतो. तुझ्यासाठी तेही केलं.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हनुवटी चाचपली.

"दाढी काढलीस," ती म्हणाली. "बरं केलंस, केहिंदे. त्याला दाढी नव्हतीच. शेवटी ऐकलंस माझं. ऊठ, उजेड आहे तोवर काढून घेऊ."

कळलं का तुला? मी तू जिवंत आहेस हे दाखवायला तुझे कपडे घातले. तिच्या लेखी मी मेलेल्या भावाचे कपडे घालून फोटोला तयार होऊन आलो होतो. मी म्हणालो, "आई, शपथ घेऊन सांगतो, तो जिवंत आहे." ती म्हणाली, "हो रे राजा. सगळे असंच म्हणतात सुरुवातीला. चल."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आपल्या पायांनी चालली. स्टुडिओत आली, झग्याच्या चुण्या स्वतः सारख्या केल्या, खुर्ची उजव्या अंगाला सरकवायला लावली. मोसूनमोलाला म्हणाली, दाब. मोसूनमोला म्हणाली, "मला मारून टाका, पण हे माझ्या हातून होणार नाही," आणि बाहेर निघून गेली. पण तुझ्या कॅमेऱ्याला माणूस कुठं लागतो? तिपाईवर ठेवला की तो स्वतःच काढतो. मी बटण दाबून खुर्चीत येऊन बसलो. लाल दिवा लुकलुकत होता. मी तुझ्यासारखा, मान जरा वाकडी करून बसलो. का ते मला विचारू नकोस.

बाबांच्या कॅमेऱ्यात असता तर मी म्हणालो असतो, रोल जळाला, आई. रसायन संपलं, दोन आठवडे थांब. तेवढ्यात तू आला असतास किंवा नसतास. पण तू हे लगेच दाखवणारं यंत्र पाठवलंस. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं. काचेवरून बोट फिरवलं. रडली नाही. म्हणाली, "मिळाली याला जागा. आता हा तुला न्यायला येणार नाही."

मग तिनं अमालाचा गरम गोळा मागितला. एवेदूची भाजी घालून, ताटभर. सगळा संपवला आणि बोटं चाटली.

मला इतके दिवस वाटत होतं, ती तुझ्यासाठी उपाशी आहे. ती माझ्यासाठी उपाशी होती, तायवो. तू तर तिच्या मते गेलाच होतास, तिला मला वाचवायचं होतं. सगळा जन्म मी धरून चाललो की लाडका तू, आणि मी आपला घरात पडलेला. तुला सांगायला लाज वाटते, पण त्या रिकाम्या ताटासमोर तुझ्याच झग्यात बसून मी हमसून हमसून रडलो.

नंतर माझ्या कपड्यांत डावीकडच्या खुर्चीत बसून दुसरा काढला, आणि दोन्ही जोडून छापलेला फोटो आता समोरच्या खोलीत लागलाय. तो काळा ठिपका तुझ्याच बाजूला आलाय, पण आईला तो दिसत नाही. चर्चच्या बायका येतात, खालच्या आवाजात बोलतात. आईआधी पोर गेलं तर गाजावाजा करत नाहीत, म्हणून पाद्रीबाबा घरीच छोटी प्रार्थना ठेवणार आहेत. तीन फेब्रुवारीचा रविवार. मी प्रत्येकाला सांगतो की तो जिवंत आहे, आणि प्रत्येक जण माझ्या पाठीवरून हात फिरवतो.

त्या रविवारच्या आत ये. ती किंचाळेल, इया रिसी पुन्हा रस्त्यापर्यंत पळेल, पोरं भूत म्हणून दगड मारतील. मी दारात उभा असेन, तुझा दंड धरून तुला आईपुढे नेईन, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपण दोघं एकाच वेळी उभे राहू. त्याखेरीज दुसऱ्या कशावर तिचा विश्वास बसायचा नाही. फोन करू नकोस. पैसे पाठवू नकोस. खोकं तर मुळीच नको.

आणि तो रविवार टळला, तर मग येऊच नकोस. कधीच नको. तिनं तुला एकदा पुरलंय आणि त्यातून उठून ती जेवायला लागलीय. प्रार्थना झाल्यावर तू दारात उभा राहिलास तर ते तिच्या हृदयाला सोसायचं नाही, आणि मी तुला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. लोक विचारतील तेव्हा मीच सांगेन, माझा भाऊ मेला.

दोन्ही खुर्च्यांत बसलेला,
तुझा थोरला भाऊ
केहिंदे