घरी सुखरूप

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस! निवारागृहाच्या दारावर पाटी नाही, मुद्दामच. ‘घराण्याची अब्रू घालवली’ म्हणून घरचेच ज्यांच्या जिवावर उठलेत, अशा मुली इथे राहतात. प्रमुखांना सगळे मोठ्या ताई म्हणतात. वीस वर्षं याच कामात आहेत. त्यांनी स्वतः चहा करून दिला. म्हणाल्या, मुलींचा विश्वास कमावणं हेच आपलं काम. मी तर भारावूनच गेले.

९ मार्च
माझ्याकडे पहिली मुलगी सोपवली. एकोणीस वर्षांची, मूठभर जीव. सगळ्या तिला चिमणी म्हणतात. लग्नाला नकार दिला म्हणून सख्ख्या भावाने इस्त्रीने हात भाजलाय. मलम लावायला मीच घाबरत होते. तर मलाच म्हणते, “ताई, तुम्ही नुसती फुंकरच घालताय. आणा, मीच लावते.”

१४ मार्च
चिमणीच्या नव्या नंबरवर तिच्या काकांचा फोन आला. खोलीतला हिरवा पडदा छान दिसतो म्हणाले. पडदा कालच लावलाय, आणि ती खिडकी आतल्या चौकात उघडते. बाहेरून दिसतच नाही. मोठ्या ताईंना सांगितलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, घाबरू नकोस म्हणाल्या.

१८ मार्च
जुन्या चार फायलींत शेवटी एकच ओळ : ‘समेट झाला. मुलगी घरी सुखरूप.’ खाली मोठ्या ताईंची सही. नंतरच्या चौकशीची नोंद कुठेच नाही.
मीच फोन लावले. पहिल्या घरी आईने उचलला. आम्हाला मुलगीच नव्हती, म्हणाली.
दुसऱ्या घरी, मुलगीच नव्हती.
तिसऱ्या घरीही तेच. चौथा लावला नाही.

१९ मार्च
ताईंना विचारलं. रागावल्या नाहीत, हेच भयंकर. म्हणाल्या, “अगं, या मुलींच्या आया माझ्यापुढे पदर पसरतात. पोरगी शेवटी घरचीच ना? उद्या अकराला चिमणीच्या घरचे येताहेत. तू फक्त तिला खाली आण. तुझं ऐकते ती.”
माझं ऐकते. म्हणूनच ती माझ्याकडे सोपवली होती.
पोलीस ठाण्यात फोन केला. साहेब म्हणाले, थांबा, मोठ्या ताईंनाच विचारून सांगतो.

२० मार्च, सकाळी दहा
चिमणीला सगळं सांगितलं. रडली नाही. मला आधीपासून माहीत होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. तिला पटलं की नाही, कळेना.
मागच्या दाराला नवं कुलूप, पुढच्या दाराशी मोठ्या ताई —

साडेदहा
फायलींच्या खोलीत आहोत. कपाट दाराला लावलंय. लिहून ठेवते, कुणाला तरी सापडेल.

पावणेअकरा
लवकर आले. भाऊ, काका, आणखी एक. मोठ्या ताई खोलीच्या दाराशी. किती गोड आवाज — म्हणताहेत, चिमणे, तू इथे लपलीस हे तुझ्या या ताईनेच तर कळवलं आम्हाला —
खोटं आहे. साफ खोटं.
तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. बघते आहे माझ्याकडे, तशीच, जशी सकाळी विचारताना —
कपाट सरकवते आहे. ती स्वतः — चिमणे, मी नाही गं, मी