चार ओळींचे प्रशस्तिपत्र

शनिवार, दि. १४ मार्च
सकाळचे साडेनऊ

चि. भोंपूस,

पत्राच्या आरंभी 'अनेक आशीर्वाद' लिहिण्याचा प्रघात आहे. या खेपेस ते शेवटी लिहीन, उरले तर.

माझी प्रकृती ठीक आहे. डावा गुडघा दुखतो, पण तो शाबूत आहे. परवा ज्याला भेटून आलो, त्याला एवढेही म्हणता येत नाही. तुझ्या आईने स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला. जिन्यावरचा दिवा अजून लागत नाही. घरची बातमी संपली.

तुझा माफीनाम्याचा मसुदा आईने छापून आणून दिला. त्यासोबत तुझा निरोपही दिला: "आजोबांना म्हणावं, फक्त शुद्धलेखन बघा. बाकीचं वकीलबाईंनी पाहिलंय." मी एकतीस वर्षे मुद्रणालयात मुद्रिते तपासली. 'फक्त शुद्धलेखन बघा' असे मला सांगणारे संपादक पुष्कळ भेटले. ज्यांच्या मजकुरात काही लपवलेले असे, तेच हे बजावून सांगत.

दीड पानात सत्तावीस चुका निघाल्या. त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत, केवळ मोजल्या. तू लिहितोस, 'वाहन पादचाऱ्याच्या संपर्कात आले'. संपर्कात माणसे येतात, पत्रे येतात, फार तर साथीचे रोगी येतात. चाळीसचा फलक असलेल्या रस्त्यावर, थांबलेल्या बसला ओलांडून, त्र्याण्णवच्या वेगाने जे येते त्याला धडक म्हणतात. तो शब्द तुला येत नसेल असे नाही. खेळाच्या पानावर तुझ्याविषयी तो आठवड्यातून दोनदा छापून येतो. आणि पुढच्याच ओळीत, 'या प्रसंगी माझ्या गाडीच्या दर्शनी भागाचीही हानी झाली आहे'. भोंपू, तो रंग होता. त्या माणसाच्या हातात पांढऱ्या रंगाची बादली होती आणि ती तुझ्या गाडीवर सांडली. तो रंग धुतला गेला असेलच.

मंगळवारी तुझ्या वकीलबाई घरी आल्या होत्या. आल्या तेव्हा फोन कानाला होता, गेल्या तेव्हाही होता. मधल्या अवकाशात त्या माझ्याशी बोलल्या. "काका, मला फक्त चार ओळी हव्यात. तुमच्या अक्षरात. शिस्तपालन समितीतल्या लोकांना हाताने लिहिलेलं भावतं."

मी विचारले, "कोणत्या चार ओळी?"

"नातू लहानपणापासून जबाबदार आहे, तुम्ही त्याला वाढवलंय, आणि यापूर्वी त्याच्या हातून असं कधीच घडलेलं नाही. ती शेवटची ओळ विसरू नका हं. तेच आपलं हुकमाचं पान आहे. कोरी पाटी असली तर सहा सामन्यांच्या बंदीवर भागेल. नाहीतर दोन वर्षं. आणि गोलरक्षकाला दोन वर्षं घरी बसवलं, काका, की संपलाच तो. दुसरा उभा राहतो तिथे." मग त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरचे तुझे छायाचित्र पाहिले आणि म्हणाल्या, "किती गोड दिसतोय."

मी त्यांना चहा दिला. चार ओळी दिल्या नाहीत. विचार करून कळवतो म्हणालो. आयुष्यात प्रथमच मला एका वाक्याचा विचार करायला चार दिवस लागले.

गुरुवारी मी रुग्णालयात गेलो. तू गेला नाहीस, हे मला तेथे पोहोचल्यावर कळले. वकीलबाईंचा तसा सल्ला आहे म्हणे. गेल्यास अपराध कबूल केल्यासारखे दिसते. तिसरा मजला, जिन्यासमोरचा कक्ष, खिडकीजवळची खाट. रंगारी पन्नाशीचा असावा. नखांच्या कडांना अजून रंग आहे. परिचारिका रोज घासतात आणि तो निघत नाही. उजवा पाय वर टांगलेला. मी कोण ते सांगितले. मला वाटले होते, हाकलून देईल. तो म्हणाला, "बसा ना आजोबा. स्टूल हलतं, जरा जपून."

मी बसलो. काय बोलावे ते सुचेना. मला सुचेना, हे तू नीट वाच.

तोच म्हणाला, "पोरगा झेप छान घेतो हो तुमचा. मागच्या महिन्यातला तो शेवटचा गोल काय अडवला! आम्ही शिडीवर उभं राहून रेडिओ ऐकत होतो, पडलोच असतो." मग स्वतःच्या पायाकडे पाहून म्हणाला, "तेव्हाच पडलो असतो तर बरं होतं. खाली गवत होतं."

तो हसला, मीही हसलो, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे त्याने न विचारता सांगितले. "बस थांबली. ड्रायव्हरने हाताने खूण केली, जा म्हणून. मी निघालो. बसच्या आडून हा आला. बघितलं त्याने मला, आजोबा. डोळ्यांत डोळे. पण तेवढ्यात काय थांबणार?" डॉक्टरांनी त्याला शिडीचे नाव काढायचे नाही असे सांगितले आहे. खुबा आणि गुडघा दोन्ही गेले. "म्हटलं, भिंतींचा खालचा अर्धा भाग रंगवीन. गिऱ्हाइकांनी वरचा अर्धा आपापला बघावा."

तू क्लबच्या माणसाबरोबर त्याला तुझी जर्सी पाठवलीस, सही करून. ती मी पाहिली. दुपारचे ऊन त्याच्या डोळ्यांवर येते, म्हणून ती खिडकीच्या दांडीला अडकवली आहे. तुझी सही उलट्या बाजूने दिसते. या सबंध प्रकरणात तुझ्याकडून त्याच्या उपयोगी पडलेली तेवढी एकच वस्तू.

निघताना तो म्हणाला, "एकदा येऊन जा म्हणावं. मी काही खाणार नाही त्याला. उठून मारताही येणार नाही." मग त्याने विचारले, "पहिल्यांदाच झालं ना हे त्याच्याकडून? तसं असेल तर मीही जास्त ओढून धरणार नाही. पोर आहे. पोलिसांना तसं सांगेन."

मी स्टूल नीट लावून ठेवले आणि जिना उतरलो. लिफ्ट समोर असताना.

आता जे मी दोन पाने टाळत आलो आहे, ते लिहितो.

मी गाडी चालवत नाही. सहा वर्षे झाली. घरात सर्वांचा समज आहे की माझी नजर उतरली आणि बाजारामागच्या रस्त्यावर मी घड्याळजीच्या दुकानात गाडी घातली. तुझी आई अजून म्हणते, "बाबा, तुम्ही पायीच बरे." मी पायी जातो. बारीक टायपातल्या सूचना मी आजही चष्म्यावाचून वाचतो, याचे घरात कोणाला आश्चर्य वाटत नाही, याचेच मला आश्चर्य वाटते.

तू सतरा वर्षांचा होतास. तुझ्याजवळ परवाना नव्हता. निवड चाचणीला दोन दिवस होते, आणि तू आठवडाभर माझ्या मागे लागला होतास: "आजोबा, फक्त कोपऱ्यापर्यंत." मी चावी दिली. कोपऱ्यापर्यंतचा रस्ता तू कसा कापलास, ते मी विसरलेलो नाही. दोनदा 'हळू' म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणायला वेळ मिळाला नाही. दुकानाचे शटर आत गेले. घड्याळजी जेवायला घरी गेला होता. त्याचे बसण्याचे स्टूल शटरच्या मागे हातभर अंतरावर होते; ते मोडून भिंतीला लागलेले मी पाहिले. त्या दिवशी शटरमागे कोणी नव्हते, एवढेच आपले दोघांचे कर्तृत्व.

लोक धावत येत होते. तू माझ्याकडे पाहिलेस आणि मी म्हणालो, "सरक."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाक्ये बांधली. त्यांतले सर्वांत वाईट एका शब्दाचे होते.

तू सरकलास. तत्परतेने सरकलास. लोक पोहोचले तेव्हा चाकामागे मी होतो. ठाण्यात मी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला. त्या अधिकाऱ्याने वाचून म्हटले, "इतकं स्वच्छ लिहिलेलं आमच्याकडे कधी येत नाही हो." आणि मला, भोंपू, बरे वाटले. खोट्या जबाबाच्या अक्षराची स्तुती झाली आणि मला बरे वाटले. खाली सही केली; सहीखाली लिहिले, 'वाहनचालक'.

परतताना पायी चालत होतो. दहा मिनिटांनी तू विचारलेस, "आजोबा, चाचणीला कोणते बूट घालू?"

मी म्हणालो, निळे.

तुला मी दोष देतो आहे असे तुला वाटेल. देतोच आहे. सतराव्या वर्षी सरकलास, ते मी सांगितले म्हणून. त्याचा दोष माझा. परंतु त्यानंतर सहा वर्षे तू त्या जागेवर आरामात बसून राहिलास. जेवताना तू म्हणायचास, "आजोबांच्या गाडीत बसायचं तर हेल्मेट घालून," आणि सगळे हसत. गेल्या वर्षी दूरदर्शनवरच्या मुलाखतीत सांगितलेस, "आमचे आजोबा एकदा गाडी घेऊन थेट घड्याळाच्या दुकानात शिरले होते, वेळ विचारायला!" निवेदिका हसून हसून वाकली. मी आणि तुझी आई शेजारी बसून ते पाहत होतो. तिने माझा हात थोपटला. तेव्हा मला कळले की तू खोटे बोलत नव्हतास. तुझा त्यावर विश्वास बसला होता. मी लिहिलेला मजकूर इतका निर्दोष होता की तो तुझ्या स्मरणात जाऊन बसला, आणि ज्याला काही आठवत नाही तो थांबलेल्या बसला ओलांडतो.

म्हणून तुझ्या मसुद्यातील 'यापूर्वी माझ्याकडून असे कधीही घडलेले नाही' या वाक्यावर मी दीड तास बसून होतो. सबंध मसुद्यात लेखनाच्या दृष्टीने अचूक असे ते एकमेव वाक्य आहे.

तुझी चौकशी शुक्रवारी आहे. गुरुवारी दुपारी चारपर्यंत तू वकीलबाईंना, समितीला आणि तुझ्या आईला घड्याळजीच्या दुकानाची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगावीस. त्यात माझे नाव वगळू नकोस. खोट्या जबाबाबद्दल माझे जे व्हायचे ते होवो. तू सांगितले नाहीस, तर मी सांगेन. दोन पाकिटे लिहून तयार आहेत, एक समितीला आणि एक ठाण्याला, आणि गुरुवारी साडेचारला ती मी हातोहात नेऊन देईन. दोन वर्षे जातील. कदाचित खेळही जाईल. तुझी झेप मी तुझ्या आईआधी पाहिली आहे, अंगणात, उशीवर. तेव्हा काय जाणार आहे हे मला कोणी शिकवू नये.

हे पाकीट उद्या तुझी आई तुला देईल. मी ते डिंकाने चिकटवले आहे. तिला अजून काही ठाऊक नाही, आणि तिने ते तुझ्याकडून ऐकावे, ही या पत्रातली माझी एकमेव विनंती आहे. बाकी सर्व आज्ञा आहेत.

फोन करू नकोस. फोनवर तू 'आजोबा' अशी हाक मारतोस आणि मी निळे म्हणतो.

रुग्णालयात भेटण्याची वेळ चार ते सहा. सोमवारपासून मी रोज तेथे असेन. रंगाऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे कबूल केले आहे, खेळाचे पान सोडून. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी गुरुवारपर्यंत अडवून धरले आहे. खाटेजवळ स्टूल एकच आहे. तू आलास तर मी उभा राहीन.

आशीर्वाद शोधले. थोडे उरले आहेत. ते तेथेच देईन.

त्या दिवशी चालकाच्या शेजारी बसलेला,
तुझा आजोबा