रोहिणीतलं मीठ

आई, आज संध्याकाळी मी सात मुलींना शाळेच्या अगाशीत नेऊन रोहिणी दाखवणार आहे, आणि दुपारपासून त्याची यादी करत बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, आकाशात बघायला यादी कशाला लागते, मान वर केली की झालं. लागते, आई. चंद्र उशिरा उगवणारी तिथी लागते, म्हणून वद्य पक्षाची अखेर धरली. अंधार पडल्यावर तासभर थांबावं लागतं, कारण तोवर घरोघरच्या चुलींचा धूर शहरावर बसलेला असतो आणि त्यातून तारा मळका दिसतो. दुर्बीण आधीच बाहेर काढून निववावी लागते. उत्तरायण होऊन आठवडा झाला तरी कठड्याला मांजाचे तुकडे अडकलेले असतात, ते काढावे लागतात, नाहीतर अंधारात कुणाचं तरी बोट कापतं. कोण कधी डोळा लावील, कोण वेळ सांगेल, कोण लिहील हे ठरवावं लागतं, कारण अंधारात उभ्या राहिल्या की सातही जणी एकदम बोलतात. हे सगळं मी दरवर्षी लिहिते. यंदा यादीत एक ओळ जास्त आहे, आणि ती लिहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. ओळ अशी आहे: मिठाचा दिवा.

तुला माहीत नाही, मी शाळेत शास्त्र शिकवते. बडोद्यात महाराजांनी मुलींच्या शिक्षणाचं मनावर घेतलं म्हणून, नाहीतर माझ्यासारख्या विधवेला दिराच्या घरी कोपऱ्यात बसून दिवस काढावे लागले असते. इतकी वर्षं मी मुलींना ताऱ्याच्या उजेडाचा रंगीत पट्टा दाखवते, त्यातल्या काळ्या रेघा मोजायला लावते आणि पिवळ्यातल्या रेघेपाशी थांबून सांगते, ही मिठाची. म्हणजे आपल्या मिठात जे द्रव्य आहे तेच त्या ताऱ्यातही आहे. आणि भरभर पुढे जाते. यंदाच्या वर्गात वाघोडियाहून आलेली एक मुलगी आहे, शिष्ट, तेलानं थबथबलेल्या वेणीची. परवा ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मिठाचीच कशावरून? तुम्ही सांगता म्हणून?" असा प्रश्न विचारणारी मुलगी मिळावी म्हणून मास्तरांनी नवस करावा, आणि मी तिला दटावून खाली बसवलं. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. कशावरून ते दाखवायचं तर दुर्बिणीशेजारी मिठाची ज्योत पेटवावी लागते, तारा आणि ज्योत दोन्हींचा उजेड एकाच फटीतून घेऊन एकमेकांखाली पाडावा लागतो. ती ज्योत मी तीस वर्षांत पेटवलेली नाही. का नाही, हे फक्त तुलाच सांगता येईल.

त्या पौषात मला बारावं लागलं होतं. बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि कुणी एक साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेलेली पितळी दुर्बीण ते जिवापाड जपायचे. तिला लोलकाची डबी जोडली की ताऱ्याचा ठिपका लांबून रंगीत पट्टा होई. रोहिणीत मीठ आहे हे बडोद्याच्या अगाशीतून आपल्या डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. विलायतेत ते कुणी तरी आधीच पाहिलं होतं, पण बाबांना ते पुरेसं नव्हतं. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. पंचांग आण, तिथी बघ, रोहिणी किती वाजता किती वर येते ते मांड, धूर कधी बसतो ते अगाशीत जाऊन पाहून ये. बाबा डोळा लावणार, मी दिवा पेटवणार आणि वेळ सांगणार, असं ठरलं. तू पोळ्या लाटत हे सगळं ऐकायचीस. "तुमच्या रोहिणीत मीठ आहे का ते मला ठाऊक नाही," एकदा म्हणालीस, "आजच्या आमटीत नाही, एवढं नक्की. बरणी तुम्ही वर नेलीत." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तुझं हळदीकुंकू आणि आमची दिव्याची तालीम एकाच दिवशी आली, आणि तारा बघायचा तोही त्याच संध्याकाळी. बायका यायला अवकाश होता. स्वयंपाकघराला खिडकी एकच, म्हणून बाबांनी तीच जागा निवडली. खिडकीला घोंगडी लावली, दार ओढून घेतलं आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात स्पिरिटच्या दिव्यात बसवली. वात तूच वळून दिली होतीस, देवाच्या वातीपेक्षा जाड. "नाटकवाल्यांची रंगीत तालीम असते," बाबा म्हणाले, "आपली ही बिनरंगी," आणि काडी ओढली. ज्योत पिवळी उठली, आणि त्या पिवळ्यापलीकडे खोलीत रंग म्हणून उरला नाही. तांब्याचा हंडा राखेसारखा झाला. टोपलीतले मटार आणि गाजरं सगळी एकाच मातकट रंगाची. बाबा हसत होते, आणि त्यांचे ओठ काळे, गालांवर रक्ताचा मागमूस नाही. मला हसू येईना. तेवढ्यात तू ठेवणीतलं तांबडं लुगडं नेसून, तबक हातात घेऊन दार लोटून आत आलीस, आणि मी किंचाळले. तुझ्या कपाळावर काळा डाग होता. करंड्यातलं कुंकू काळं, हातांतला हिरवा चुडा काळा, लुगडं काळं. चेहरा तुझाच होता, पण त्याला आई म्हणून हाक मारावी असं वाटेना. तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग मी कुठं पाहते आहे तिकडे, म्हणजे करंड्यात, आणि मग तबकातल्या छोट्या आरशात. तिथं तू बराच वेळ पाहत राहिलीस.

बाबांनी फुंकर मारली, घोंगडी ओढून काढली, आणि सगळं जिथल्या तिथं परत आलं. "अगं, त्या उजेडात लाल नाहीच," ते म्हणाले, "मग लाल दिसणार कुठून? किती वेळा सांगितलं." "सांगितलंत. मग लाल गेलं होतं कुठं?" "जाणार कुठं? होतं तिथंच होतं. दिसत नव्हतं." "तेच म्हणते मी," तू म्हणालीस, आणि दारात बायका आल्या म्हणून बाहेर गेलीस. त्या दिवशी प्रत्येकीला कुंकू लावताना तू बोट नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकवत होतीस. बायका गेल्यावर मला आत बोलावलंस. तुझा आवाज रोजचाच होता, म्हणून मी जास्त घाबरले. "तुझ्या बाबांना सांगून उपयोग नाही, ते मला शास्त्र समजावत बसतील. ते मला समजलं. पण कपाळ माझं आहे. तो दिवा पुन्हा त्यांच्या तोंडासमोर पेटायचा नाही. स्पिरिट संपलं म्हण, वात दमट आहे म्हण, काहीही सांग. माझ्या गळ्याला हात लाव." मी हात लावला. मण्यांच्या पोतीखाली तुझी नाडी उडत होती. "तुझ्या गळ्याची शपथ," मी म्हणाले. ही शपथ मोडली तर कुणाचं काय होतं, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. "चाल, हवे जा," चल, जा आता, असं शेजारणींच्या गुजरातीत म्हणून तू तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवलास.

साडेसातला आम्ही वर गेलो. कारेलीबागेच्या बाजूला तेव्हा नुसती झाडं, एक दिवा नाही, आणि त्या काळोखातून कोल्ही ओरडत होती. रोहिणी जवळजवळ डोक्यावर आलेली. बाबांनी पाठ वाकवून तारा फटीवर आणला, आणि डोळा न काढता म्हणाले, "दिवा." मी म्हणाले, "बाबा, वात पेटत नाही." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "असू दे. ये, तू तरी बघ." मी डोळा लावला. काळोखात एक बारीक पट्टी थरथरते आहे, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जांभळी, आणि तिच्या पिवळ्यात एक काळी रेघ. "मिठाचीच असणार," बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "पण आज आपल्याला तसं म्हणता येणार नाही." मग ते उपरण्यानं डोळे पुसायला बाजूला झाले, आणि मी काडी ओढली. मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळा पुन्हा लावला तर पट्टीच्या खाली एक पिवळी रेघ लखलखीत उजळली होती, आणि ती त्या काळ्या रेघेच्या नेमकी खाली होती, केसाचाही फरक नाही. ताऱ्यातलं मीठ वर आणि आपल्या बरणीतलं खाली. "बाबा, बघा!" मी ओरडले. ते वाकले तेव्हा त्या उजेडात त्यांचं तोंड दुपारसारखंच मेलेल्या माणसाचं दिसलं. मी ते नीट पाहिलं, आणि पुन्हा डोळा लावायला मिळावा म्हणून त्यांना बाजूला सारलं. खाली आल्यावर तू विचारलंस, "नाही ना पेटवलास?" मी नाही म्हणाले, आणि तू माझ्या केसांवरून हात फिरवलास.

माघ सरता सरता गावात तापाची साथ आली. बाबांना काही झालं नाही, तू अंथरुणाला खिळलीस. शेजारच्या मासी "नजर लागी छे, बीजुं कंई नथी", दृष्टच आहे, दुसरं काही नाही, म्हणत ती काढायला आल्या. त्यांनी मीठमोहऱ्या तुझ्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. मी दाराशी उभी होते. अंधाऱ्या खोलीत शेगडीतून पिवळी ज्योत उठली आणि तुझ्या कपाळावरचं कुंकू काळं झालं. मासींना दिसलं नाही, मोहऱ्यांचा वास येतो की नाही याकडे त्यांचं लक्ष होतं. ज्योत बसली, कुंकू पुन्हा लाल झालं, आणि तू डोळे उघडून माझ्याकडेच पाहत होतीस. त्या वर्षी मी तुला वाचायला शिकवत होते. दुपारी भांडी आवरली की आपण पाटी घेऊन बसायचो आणि तू बोट ठेवून एकेक अक्षर सुटं करून वाचायचीस. बाबांच्या टिपणवहीला तू हात लावशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या संध्याकाळची तिथी, वेळ आणि हवा लिहून त्यांनी शेवटी एक ओळ मला शाबासकी म्हणून लिहिली होती. मासी गेल्यावर तू ती म्हणून दाखवलीस, सुकलेल्या ओठांनी, पांघरुणावर बोट सरकवत. "दि-वा मु-ली-ने ला-व-ला." मी म्हणाले, "आई, तू चुकीचं वाचलंस. तिथं मालवला आहे. दिवा मुलीने मालवला." तू दोनदा पुटपुटून पाहिलंस, मालवला, मालवला. मग म्हणालीस, "हो का? मला कुठं अजून नीट वाचता येतंय," आणि ओशाळं हसलीस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. बायका म्हणाल्या, भाग्याची, अहेव गेली. तुझा मळवट भरला तेव्हा कुंकू लालच होतं, सगळ्यांनी पाहिलं. मी एकटी ते काळं पडायची वाट पाहत उभी होते.

मला शास्त्र कळतं, आई. मिठानं ज्योत पिवळी का होते आणि ताप कशानं येतो हे दोन्ही मी वर्गात शिकवते, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही हे शपथेवर सांगेन. शपथेवर नको, नुसतंच सांगेन. पण आज सात कपाळं त्या उजेडात येणार आहेत, आणि घरी जाऊन त्या पोरी आपापल्या आयांना काय सांगतील या विचारानं मी यादीतली ती ओळ सारखी वाचते आहे. माझ्या कपाळावर काळं पडायला आता काही नाही. म्हणून मी असं ठरवलं आहे की आधी खाली वर्गातच ज्योत पेटवायची. प्रत्येकीनं कुंकवाचं बोट कागदावर उमटवायचं आणि ते काळं होताना हातात धरून बघायचं. भीती वाटली तर मी कुणाला हसणार नाही. बाबा वाईट नव्हते, पण त्यांनी तुला घाबरायलाही वेळ दिला नाही. वर अगाशीत दिवा पेटवायचं काम वाघोडियाच्या मुलीला देणार आहे. कुणाच्या गळ्याला हात लावून आली नाहीस ना, एवढं तिला आधी विचारणार आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की काडी ओढताना मला रडू येत होतं. येत नव्हतं. तुझी नाडी बोटांना आठवत होती, आणि तरी त्या दोन रेघा एकाखाली एक पाहून मला जो आनंद झाला तसा पुन्हा कधी झाला नाही, लग्नातही नाही, शाळेत लागले त्या दिवशीही नाही. ती संध्याकाळ परत आली तर मी दिवा पेटवीन. हे पत्र कुठं टाकता येणार नाही, म्हणून तर लिहायला धजले, तरी तुझ्यासाठी अक्षरं मोठी आणि सुटी काढली आहेत. बाबांची वही माझ्याजवळ आहे. तीत लावला असंच लिहिलेलं आहे. तू बरोबर वाचलं होतंस.